रास्पबेरी पायवर व्होल्टेज मोजायचंय? एडीसी चिपची पहिली जोडणी, पायरीपायरीने

मल्टीमीटर म्हणत होता १२.२०, स्क्रीनवर येत होतं १२.३८. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी हा फरक किरकोळ नाही. १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास निम्मी रिकामी, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. चार संध्याकाळी मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. प्रोग्राम बरोबर होता. चूक होती ती मी त्यात डोळे मिटून लिहिलेल्या एका आकड्यात, ३.३ मध्ये.

ती चूक नेमकी काय होती ते सातव्या पायरीत येईलच. पण तुमच्या त्या चार संध्याकाळी वाचाव्यात म्हणून ही सगळी जोडणी सुरुवातीपासून लिहून काढते आहे. हातात रास्पबेरी पाय आहे, पायथनचे चार-दोन प्रोग्राम चालवून पाहिले आहेत, पण इलेक्ट्रॉनिक्सशी फारशी ओळख नाही, असा वाचक मी डोळ्यांसमोर धरला आहे.

१. आधी एक गोष्ट पक्की करा: चिप व्होल्ट सांगत नाही

रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांपैकी एकही पिन व्होल्टेज मोजू शकत नाही. पिनवर वीज आहे की नाही, एवढंच तिला कळतं. १.२ व्होल्ट आणि २.९ व्होल्ट यांतला फरक सांगायला वेगळी चिप लागते, तीच एडीसी, म्हणजे ॲनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर. (पिको नावाच्या छोट्या बोर्डात एडीसी आतच असते. हा लेख मोठ्या पायबद्दल आहे.)

इथे मी एमसीपी३००८ वापरते आहे. ही दहा बिटांची, आठ चॅनेलची (म्हणजे व्होल्टेज आत घेणाऱ्या आठ वाटांची), सोळा पिनांची चिप. ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचायच्या छिद्रांच्या फळीवर, सरळ बसते, डाग द्यावा (सोल्डर करावं) लागत नाही. दहा बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, म्हणून ती ० ते १०२३ यांमधला एक आकडा देते.

तो आकडा व्होल्ट नसतो. तो असतो एक वाटा. चिपच्या व्हीरेफ नावाच्या पिनवर तुम्ही जे व्होल्टेज द्याल त्याचे १०२४ भाग पाडले, तर मोजायचं व्होल्टेज त्यातले किती भाग भरतं, एवढंच ती सांगते. ५१२ म्हणजे निम्मं. कशाच्या निम्मं? व्हीरेफच्या. व्हीरेफ खरोखर किती आहे हे चिपला माहीत नसतं, ते तुम्हालाच माहीत असावं लागतं. खालच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचलात तरी चालेल.

२. लागणारं सामान

- रास्पबेरी पाय, चालू स्थितीत, पायथनसह
- एमसीपी३००८ चिप, खोचायच्या पिना असलेली (पृष्ठभागावर चिकटवायची छोटी आवृत्ती घेऊ नका)
- ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर, पायच्या बाजूला मादी टोक असलेल्या
- १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवायचा पॉट
- ३९ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, एक टक्कावाले
- ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर. त्यांच्यावर १०४ छापलेलं असतं
- मल्टीमीटर

यादीतलं काही वगळायचंच असेल तर पॉट वगळा, मल्टीमीटर नको. त्याच्याशिवाय तुमचा आकडा खरा की खोटा हे ठरवायला दुसरा साक्षीदारच उरत नाही.

रेझिस्टरच्या पट्ट्यांबद्दल सांगते, कारण इथे माझी फसगत झाली होती. एक टक्क्याच्या १० किलोओहमवर तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी अशा पाच पट्ट्या असतात. दोन्ही टोकांना तपकिरी! उलट्या बाजूने वाचलं तर तोच रेझिस्टर १२० ओहमचा वाटतो. पट्ट्यांवर विसंबू नका. प्रत्येक रेझिस्टर जोडणीत घालण्याआधी मल्टीमीटरवर मोजा आणि आलेला आकडा लिहून ठेवा, पुढे तो लागणार आहे.

३. चिप बसवणं आणि वायरी

पाय बंद करा, पॉवरची वायर काढा. जोडणी नेहमी वीज बंद असतानाच.

चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वरच्या बाजूला येईल अशी चिप ब्रेडबोर्डच्या मधल्या खोबणीवर बसवा. डावीकडे सगळ्यात वरची ती पिन १. तिथून खाली मोजत ८ पर्यंत या, मग उजवीकडे खालून वर ९ ते १६. म्हणजे १६ नंबर पिन १ च्या बरोबर समोर येते. चिप उलटी बसली तर वीज दिल्यावर ती तापते आणि बहुधा परत कामाची राहत नाही.

आता वायरी. डावीकडचा नंबर चिपच्या पिनचा, उजवीकडचा पायच्या चाळीस पिनांमधल्या जागेचा:

- १६ (व्हीडीडी, चिपची वीज) – १, म्हणजे ३.३ व्होल्ट
- १५ (व्हीरेफ) – त्याच ३.३ व्होल्टच्या पट्टीला (ब्रेडबोर्डच्या कडेची वीजपट्टी)
- १४ (ॲनालॉग ग्राउंड; ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्टची बाजू) – ६
- १३ (क्लॉक) – २३
- १२ (डी-आउट) – २१
- ११ (डी-इन) – १९
- १० (चिप सिलेक्ट) – २४
- ९ (डिजिटल ग्राउंड) – ६ चीच ग्राउंड पट्टी

कपॅसिटरपैकी एक १६ आणि १४ यांच्यामध्ये, चिपच्या जितका जवळ बसेल तितका जवळ लावा.

इथे नवशिके तीन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे जागेचा नंबर आणि जीपीआयओ नंबर (प्रोग्राममध्ये पिन ओळखायचा नंबर) यांची गल्लत. क्लॉक जागा २३ वर आहे, पण तिचा जीपीआयओ नंबर ११. आणि जागा ११ वर भलताच जीपीआयओ १७ असतो. कुठलाही नकाशा पाहताना तो कोणते नंबर वापरतो आहे ते आधी बघा. दुसरं, चिपचं चॅनेल शून्यापासून मोजलं जातं. पिन १ म्हणजे चॅनेल ०, पिन ८ म्हणजे चॅनेल ७.

तिसरं महागात पडणारं. ही चिप ५ व्होल्टवरही चालते आणि पायवर ५ व्होल्टची पिन अगदी शेजारीच आहे. मोह होतो, कारण मग ५ व्होल्टपर्यंत मोजता येईल असं वाटतं. पण ५ व्होल्टवर चालणारी चिप उत्तरही ५ व्होल्टमध्येच देते, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सहन करत नाहीत. चिप जगेल, पाय जाईल.

४. एसपीआय चालू करणं

पाय आणि ही चिप एसपीआय नावाच्या पद्धतीने बोलतात, आणि ती मुळात बंद असते. टर्मिनलमध्ये सुडो लावून रास्पी-कॉन्फिग उघडा, इंटरफेस ऑप्शन्समध्ये एसपीआय चालू करा, पाय रीस्टार्ट करा. मग डेव्ह फोल्डरमध्ये स्पायडेव्ह०.० आणि स्पायडेव्ह०.१ अशा दोन नोंदी दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, अडचण इथेच आहे.

५. पहिलं वाचन

सोपा रस्ता हवा असेल तर जीपीआयओ झिरो या पायथन लायब्ररीत या चिपच्या नावाचा तयार क्लास आहे. त्याला चॅनेलचा नंबर द्या, व्हॅल्यू मागा, की ० ते १ मधला अपूर्णांक मिळतो. व्होल्ट नाही, अपूर्णांक. पहिल्या पायरीत म्हटलेला वाटा तो हाच.

तरीही एकदा स्पायडेव्ह लायब्ररी वापरून थेट चिपशी बोलून बघा, असं मी आग्रहाने सांगेन. काही बिघडलं की नेमकं कुठे बघायचं ते त्यातूनच कळतं. क्रम असा:

बस, म्हणजे एसपीआयची वाट, उघडताना दोन शून्यं द्या. पहिलं बसचं, दुसरं चिप सिलेक्टचं. आपण जागा २४ वापरली म्हणून दुसरं शून्य. जागा २६ वापरली असती तर तिथे एक आला असता.

मग लगेच वेग ठरवा. दहा लाख हर्ट्झ, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. ही ओळ विसरू नका. वेग सांगितला नाही तर ड्रायव्हर आपल्या मनाचा वेग धरतो आणि तो या चिपला झेपेल असा नसतो. २.७ व्होल्टवर तिची मर्यादा १.३५ मेगाहर्ट्झ आहे, ५ व्होल्टवर ३.६. आपण ३.३ वर आहोत, तेव्हा १ मेगाहर्ट्झ निर्धास्त. फार हळूही नको. १० किलोहर्ट्झच्या खाली गेलात तर चिपच्या आत धरून ठेवलेला नमुना मोजून होईपर्यंत गळायला लागतो.

आता तीन बाइट पाठवा. पहिला १, ही सुरुवातीची खूण. दुसरा कोणतं चॅनेल ते सांगणारा: चॅनेल ० साठी १२८, १ साठी १४४, पुढे दर चॅनेलला १६ ची भर, ७ साठी २४०. तिसरा ०, तो फक्त उत्तर यायला वेळ मिळावा म्हणून.

परतही तीनच बाइट येतात. पहिला सोडून द्या. दुसऱ्याचे शेवटचे दोनच बिट कामाचे, म्हणून त्याचा ३ शी अँड करा (बिटाला बिट जुळवणारी क्रिया, पायथनमध्ये &), २५६ ने गुणा आणि तिसरा बाइट मिळवा. माझ्या बॅटरीच्या वेळी अँड केल्यावर ३ आणि तिसऱ्या बाइटमध्ये १६ येत होते: ३ × २५६ + १६ = ७८४. अँड करायला विसरलात तर कधीतरी १०२३ च्या वरचा आकडा दिसेल. दहा बिटांत तो बसूच शकत नाही, तेव्हा तसा आकडा दिसला की सरळ या ओळीकडे या.

६. पॉटवर परीक्षा

बॅटरीला हात लावण्याआधी पॉट. त्याची बाहेरची दोन टोकं ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक चिपच्या पिन १ ला. अर्ध्या सेकंदाला एक वाचन छापत राहा आणि पॉट हळूहळू फिरवा. एका टोकाला ० किंवा १, दुसऱ्याला १०२२-१०२३, मध्ये सलग चढ. मध्येच उडी किंवा सपाट पट्टा दिसला तर वायर सैल आहे.

या परीक्षेचा एक गुण लक्षात घ्या. पॉट आणि व्हीरेफ दोघांनाही एकाच पट्टीची वीज मिळते. ती ३.३ ऐवजी ३.२ झाली तर दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली येतात, वाटा तोच राहतो. म्हणून पॉट, प्रकाशावर बदलणारा रेझिस्टर किंवा थर्मिस्टर (तापमानावर बदलणारा रेझिस्टर) त्याच पट्टीवरून चालवले तर संदर्भ, म्हणजे व्हीरेफ, किती अचूक आहे याची काळजी करावी लागत नाही. बॅटरीचं तसं नाही. ती आपलं व्होल्टेज बाहेरून घेऊन येते.

७. खरी बॅटरी: डिव्हायडर आणि तो ३.३

चिपच्या कुठल्याही चॅनेलवर व्हीरेफच्या वर व्होल्टेज द्यायचं नाही आणि शून्याच्या खालीही नाही. बारा व्होल्ट मोजायचे तर आधी ते वाटून लहान करावे लागतात. त्यासाठीची जोडणी म्हणजे डिव्हायडर. दोन रेझिस्टर एकापुढे एक: वरचा ३९ किलोओहम बॅटरीच्या धन टोकाला, खालचा १० किलोओहम ग्राउंडला, आणि दोघांच्या सांध्यावरून वायर चिपकडे. सांध्यावर बॅटरीच्या व्होल्टेजचा ४९ पैकी १० इतका भाग येतो, म्हणून नंतर ४.९ ने गुणायचं.

३९ च का? कित्येक आकृत्यांमध्ये १० आणि ३.३ किलोओहमची जोडी दिसते. बारा व्होल्टला तीही ठीक वाटते, सांध्यावर २.९८ येतात. पण चार्जर लावलेली लेड-ॲसिड बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते, आणि तेव्हा त्याच सांध्यावर ३.५७ होतात. हिशेब नेहमी सगळ्यात जास्त व्होल्टेज धरून करा, छापील व्होल्टेज धरून नाही. ३९ आणि १० वर १४.४ चे २.९४ होतात आणि १६ व्होल्टपर्यंत वाव राहतो. दोन्ही मिळून बॅटरीतून सतत पाव मिलिअँपिअर खातात, तेवढं परवडतं.

बॅटरीचं ऋण टोक पायच्या ग्राउंडला जोडायलाच हवं. पहिल्यांदा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून ही वायर राहते आणि मग आकडे वाटेल तसे भरकटतात.

चिपकडे जाणारी वायर अजून लावू नका. आधी सांध्यावर मल्टीमीटर ठेवा. दोन रेझिस्टर अदलाबदल झाले असतील तर तिथे अडीचऐवजी साडेनऊ व्होल्ट दिसतील, आणि ते मल्टीमीटरवर दिसलेले बरे. आकडा पटला की मगच वायर जोडा, आणि उरलेला कपॅसिटर सांधा व ग्राउंड यांच्यामध्ये लावा. चिप दर वाचनाला आतला अगदी छोटा, २० पिकोफॅरडचा कपॅसिटर भरून घेते. मोठ्या रेझिस्टरमधून तो वेळेत पुरता भरत नाही आणि वाचन कमी येतं. बाहेरचा कपॅसिटर जवळ साठा ठेवतो.

काम संपल्यावर आधी बॅटरी सोडवा, मग पाय बंद करा. उलट केलंत तर वीज नसलेल्या चिपमध्ये चॅनेलच्या वाटेने बॅटरीचा करंट शिरत राहतो.

भिंतीतल्या प्लगची वीज या पद्धतीने मोजायची नाही. मोठे रेझिस्टर लावूनही नाही. तिथे पायचा ग्राउंड थेट घरच्या विजेला जोडला जातो आणि तुमचा कीबोर्डवरचा हात जिवावर बेतू शकतो.

आता माझ्या चार संध्याकाळी. आकडा ७८४. मी लिहिलं होतं: ७८४ भागिले १०२४, गुणिले ३.३, गुणिले ४.९. उत्तर १२.३८. शेवटी कंटाळून मल्टीमीटरचं टोक चिपच्या १५ नंबर पिनवर ठेवलं, तर तिथे ३.२५ व्होल्ट होते. प्रोग्राममध्ये ३.३ च्या जागी ३.२५ लिहिलं आणि उत्तर आलं १२.१९. दीड टक्क्याची चूक व्हीरेफमध्ये होती, ती जशीच्या तशी उत्तरात उतरत होती.

तेव्हा तुम्ही पाय चालू ठेवून, नेहमीचा भार असताना, पिन १५ आणि पिन १४ यांमधलं व्होल्टेज मोजा आणि तोच आकडा प्रोग्राममध्ये घाला. ४.९ च्या जागीही मोजलेल्या रेझिस्टरवरून काढलेला गुणक घाला. आणखी नेमकेपणा हवा असेल तर पिन १५ पायच्या ३.३ पासून सोडवून तिला एलएम४०४० सारख्या संदर्भ चिपचे २.५ व्होल्ट द्या. मग पायवर भार वाढला-घटला तरी संदर्भ हलत नाही. मात्र मोजायची कमाल मर्यादाही २.५ होते, म्हणून डिव्हायडर नव्याने ठरवावा लागतो.

८. आकडे नाचत असतील तर

एकदोन पायऱ्यांचा थरथराट स्वाभाविक आहे. एक पायरी म्हणजे चिपपाशी सुमारे ३.२ मिलिव्होल्ट आणि डिव्हायडरमुळे बॅटरीपाशी जवळजवळ १६ मिलिव्होल्ट. म्हणून १२.१९३७ असं चार दशांशांपर्यंत छापू नका. ते आकडे मोजलेले नसतात, भागाकारातून आलेले असतात. सोळा वाचनांची सरासरी घ्या आणि दोन दशांश दाखवा. मधूनच एखादं वाचन फार दूर उडत असेल तर सरासरीऐवजी मधलं मूल्य घ्या.

दहा-वीस पायऱ्यांचा नाच मात्र सरासरीने झाकू नका. लांब लोंबणारी वायर, सैल ग्राउंड किंवा विसरलेला कपॅसिटर, यांपैकी काहीतरी आहे. आणि कशालाच न जोडलेलं चॅनेल शून्य दाखवत नाही, ते शेजारच्या चॅनेलचं किंवा हवेतलं काहीही दाखवतं. न वापरलेली चॅनेलं ग्राउंडला बांधून टाका.

९. काहीच पटत नसेल तर या क्रमाने

सतत ०: पिन १६ वर ३.३ आहेत का, डी-आउटची वायर जागा २१ लाच आहे का, आणि डी-इन व डी-आउट यांची अदलाबदल तर नाही ना, ते बघा.

सतत १०२३: पिन १५ सुटलेली आहे, किंवा चॅनेलवर व्हीरेफएवढं किंवा जास्त व्होल्टेज येतं आहे. दुसरी शक्यता दिसताच वायर लगेच काढा.

चिपवर शंका असेल तर ती बाजूला ठेवा. पाय बंद करून चिपकडच्या वायरी काढा, जागा १९ आणि २१ एकाच वायरने जोडा आणि काही बाइट पाठवा. पाठवलेलेच बाइट परत आले तर पाय, एसपीआय आणि प्रोग्राम तिन्ही ठीक आहेत, दोष ब्रेडबोर्डवर. बऱ्याच लांब ब्रेडबोर्डांवर कडेच्या वीजपट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात, तेही तपासा.

१०. ही चिप पुरेनाशी झाली की

बारीक फरक मोजायचे असतील तर एडीएस१११५ घ्या. ती सोळा बिटांची, चार चॅनेलची, आयटूसी या एसपीआयसारख्याच दुसऱ्या पद्धतीवर चालते, म्हणजे डेटासाठी जागा ३ आणि क्लॉकसाठी जागा ५. वेग कमी, सेकंदाला जास्तीत जास्त ८६० वाचनं. बॅटरीला ते भरपूर आहे. तिचा संदर्भ चिपच्या आतच असतो, त्यामुळे मला चार संध्याकाळी नाचवणारा तो ३.३ हिशेबातून निघूनच जातो. ४.०९६ व्होल्टच्या टप्प्यावर तिची एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची.

तिच्यातही एक खड्डा आहे. टप्पा ४.०९६ चा निवडला म्हणून चार व्होल्ट जोडता येतात असं नाही. तो आकडा फक्त मोजपट्टीची लांबी सांगतो. चिपला ३.३ व्होल्टची वीज दिलेली असेल तर चॅनेलवरही ३.३ च्या वर जायचं नाही, म्हणून वरचा ३९ आणि १० चा डिव्हायडर तिच्यापुढेही तसाच ठेवा.